तारेवरचे बिल्ले

१

पाहुणीसाठी घातलेली गादी सकाळीही तशीच ताठ होती. उशीवर घडी करून ठेवलेला गाऊन छत्रीने उचलला, छातीशी धरला, पुन्हा ठेवला. ती गादीशेजारी फरशीवरच बसली.

छत्री हे तिचं शाळेतलं नाव. उंच, काटकुळी आणि जरा कुणी टोचलं की फटकन उघडणारी, म्हणून छत्री. जिची गादी रिकामी होती ती बटण. बुटकी, गोल गरगरीत, आणि एकदा कुणाला धरलं की सहजासहजी न सुटणारी. पन्नाशी उलटली तरी दोघींनी एकमेकींना दुसऱ्या नावाने हाक मारली नव्हती. बटण आपल्या गावात शिवणाचं दुकान चालवायची. छत्री या अवाढव्य शहरात चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. छत्रीने लग्न केलं नव्हतं. बटणचा नवरा गेल्या वर्षी गेला होता. जोडून सुट्ट्या आल्या तशी छत्रीने तिला हट्टाने बोलावून घेतलं. शहर पालथं घालू, म्हणाली. आणि घातलंही. मनोरे पाहिले, बागा पाहिल्या, बिनछपराच्या दुमजली बसमधून ऊन खात भटकल्या. काल दुपारी वस्त्रसंग्रहालय पाहायला गेल्या, आणि तिथून बटण नाहीशी झाली.

रागावून एखादी कुठे जाऊन बसली असेल, येईल रात्रीपर्यंत, असं म्हणून धीर धरता आला असता. पण बटणचा फोन, परतीचं तिकीट, पाकीट आणि इन्सुलिनचं पेन, सगळं छत्रीच्या पिशवीत होतं. बटणचा खांदा दुखायचा, म्हणून दोघींत मिळून एकच पिशवी असायची आणि ती छत्री वागवायची. काल संध्याकाळचं इन्सुलिन चुकलं होतं. आज सकाळचंही चुकलं. डॉक्टरांनी बटणला दम भरून ठेवला होता, हे चुकवायला लागलात तर मला भेटायला येऊ नका, थेट हॉस्पिटलातच जा.

छत्री काल रात्री उशिरापर्यंत वणवण फिरली होती. संग्रहालयाला कुलूप लागलेलं. फाटकावरचा पहारेकरी म्हणाला, आत कुणी नाही, आत जाणाऱ्यांना दिलेले सगळे बिल्ले परत आलेत. स्टेशनवर नाही, कुठल्या हॉस्पिटलात नाही. पोलिसांनी तक्रार लिहून घेतली आणि सुट्टीत माणसं हरवतात, सापडतात, असं म्हणून तिची बोळवण केली.

पिशवीतला फोन वाजला. बटणच्या मुलाचा. तो कळल्याबरोबर अंगावरच्या कपड्यांनिशी निघाला होता आणि अजून वाटेतच होता.

"मावशी, खरं सांगा. तुम्ही काही बोललात का तिला?"

छत्रीने फोन बंद केला. कारण ती बोलली होती.

२

खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याला सगळी इमारत पाठीमागे पण-काका म्हणायची. विमा कंपनीत खोट्यानाट्या दाव्यांची चौकशी करण्यात त्यांचा जन्म गेला होता. जळालेली गोदामं आणि बुडालेल्या मोटारी पाहून पाहून त्यांची अशी खोड झाली होती की कुणी नुसतं 'आज ऊन आहे' म्हटलं तरी ते 'पण' म्हणून सुरू करत. एरवी छत्री त्यांना पाहून जिना बदलायची. आज तिने स्वतः जाऊन त्यांचं दार ठोठावलं.

काकांनी तिच्या खोलीत येऊन आधी रिकामी गादी पाहिली, मग टेबलाशी बसले.

"पहिल्यापासून सांगा. पण रडायचं नंतर."

छत्रीने सांगितलं. काल सकाळी बसमध्ये वरच्या मजल्यावर दोघी बसल्या होत्या. बटण काठाला, छत्री तिच्या डाव्या बाजूला. कित्येक महिने मनात घोळवलेलं तिने तेव्हा बोलून टाकलं. आता तूही एकटी, मीही एकटी, सगळं आवर आणि माझ्याकडे राहायला ये. म्हातारपण एकत्र काढू.

"मग?"

"मग काही नाही. ती इमारती बघत बसली. ना हो, ना नाही. मी एवढा जीव गोळा करून विचारलं, आणि ही माझ्याकडे वळलीसुद्धा नाही, काका."

दुपारपर्यंत छत्री आतल्या आत धुमसत राहिली. संग्रहालयात सगळ्यात आतल्या दालनात एक जुना प्रचंड माग आहे. कापडाला उजेड बाधतो म्हणून तिथे दिवे मंद. बटण मागाजवळच्या बाकावर बसून विणीकडे टक लावून पाहत होती. छत्री तिच्यासमोर उभी राहिली आणि तिने तोंड सोडलं.

"काय म्हणालात?"

"म्हणाले, तुला शहर दाखवायला मी भाड्याची वाटाडी नाही. उद्याची गाडी पकड आणि जा. आणि निघून आले. मला वाटलं, येईल मागोमाग. फाटकापाशी किती वेळ उभी राहिले. आली नाही, तशी चिडून घरी आले."

"पण आत जाताना काही झालं? भांडण, कुरबुर?"

"आत जाताना कसलं भांडण? उलट हसत होतो. तिथे प्रत्येकाला गळ्याशी नंबराचा पत्र्याचा बिल्ला लावतात, चिमट्याचा. माझा नंबर चौसष्ट आला, माझी रोजची बसही चौसष्टच, त्यावरून हसलो. बटणला त्याच्या पुढचा मिळाला. ती मात्र चिमट्यावरून पहारेकऱ्याशी हुज्जत घालत बसली. तिने तपकिरी शाल पांघरली होती, हातमागाची. म्हणाली, हा चिमटा आहे की विंचू, धागा ओढला बघा माझा. मी पुढे झाले. मागून तीही आली."

"आणि बाहेर पडताना?"

"बाहेर पडताना मी रडत होते. पहारेकऱ्याने आधी पिशवीला हात घातला मेल्याने, तपासायला. मग बिल्ला काढून घेतला. मी हिसका देऊन निघाले."

काकांनी मान डोलावली आणि बटणची बॅग उघडायची परवानगी मागितली. कपड्यांच्या तळाशी एका कागदी पुडीत छोट्या गोल चपट्या सेलची पट्टी होती, त्यातले काही काढलेले.

"मनगटी घड्याळात असले सेल असतात," छत्री म्हणाली.

"पण तुमची मैत्रीण घड्याळ घालते?"

छत्रीने पुडी हातात घेऊन पाहिली. बटणने जन्मात घड्याळ घातलं नव्हतं. आणि पुडी तिने ओळखली. काल सकाळी खाली टॅक्सीपाशी छत्रीच्याच भाच्याने ती बटणच्या हातात कोंबली होती, आणि छत्री जवळ येताच दोघंही एकदम गप्प झाली होती. मग काहीतरी विसरलं म्हणत बटण एकटीच वर जाऊन आली होती.

३

भाचा, म्हणजे छत्रीच्या बहिणीचा मुलगा, टॅक्सी चालवायचा. सुट्टीभर त्यानेच दोघींना फिरवलं होतं. काल रात्री मावशीबरोबर दारोदार हिंडूनही झालं होतं. आता तो खुर्चीच्या टोकावर बसला होता आणि काकांच्या नजरेला नजर देत नव्हता.

"पुडी? कसली पुडी? मला नाही माहीत."

"अरे, मी पाहिलं ना माझ्या डोळ्यांनी!" छत्री ओरडली.

"मावशी, तू दमलीयस. काहीतरी भलतंच पाहिलं असशील."

"पण तुमच्या कपाळावर घाम का आलाय?" काकांनी शांतपणे विचारलं. "ऊन तर पलीकडच्या भिंतीवर आहे."

भाच्याने कपाळ पुसलं. "काका, मी त्या बटणमावशीचं काही वाईट करीन असं वाटतं तुम्हाला? मला तिने या शर्टाची कॉलर उलटून दिली परवा. गावी जाऊन आणखी दोन शिवून पाठवते म्हणाली."

"मग सांगून टाका."

"शब्द दिलाय मी."

"कुणाला?"

भाच्याने ओठ घट्ट मिटले. छत्रीला वाटलं, उठावं आणि त्याला गदागदा हलवावं. लहानपणी याचं नाक पुसलं, शाळेत नेऊन सोडलं, आणि आज हा मूग गिळून बसलाय, तेही बटणचा जीव टांगणीला लागलेला असताना. तिच्या मनात नको नको ते येऊन गेलं. बटणने त्याच्याकडून विष तर मागवलं नसेल? नवरा गेल्यावर ती म्हणाली होती, आता शिलाई कुणाला दाखवू. तेव्हा छत्रीने ते हसण्यावारी नेलं होतं.

"काय आणून दिलंस तिला? बोल!"

तेवढ्यात छत्रीचा स्वतःचा फोन वाजला. पोलीस ठाण्यातून हवालदार बोलत होता.

"बाई, तुम्ही तपकिरी शाल म्हणाला होतात ना? संग्रहालयाशेजारच्या पुलाच्या कठड्याला एक अडकलेली मिळालीय. ओळख पटवायला या. आणि हो, एकट्या येऊ नका."

४

भाच्याने टॅक्सी काढली. छत्री मागच्या सीटवर पिशवी पोटाशी धरून बसली होती. पूल दिसला तेव्हा तिने डोळे मिटून घेतले. खाली नदी रुंद आणि गढूळ वाहत होती आणि काठावर सुट्टीची माणसं फोटो काढत होती.

हवालदाराने टेबलावर शाल टाकली. ओली, चिखलाने माखलेली, तपकिरी. छत्री टेबलापासून दोन पावलं मागे सरली. हात पुढे होईना. काकांनीच शालीचा काठ उलटून तिच्यासमोर धरला.

"बघा बाई. पण नीट बघा."

छत्रीने पाहिलं. काठाला सरळसोट दुमड होती, वर यंत्राची टीप. बटणच्या शालीचा काठ तिने स्वतः हाताने गोट घालून शिवला होता, कोपऱ्यांना गोलाई देऊन. त्या कोपऱ्यांचं तिने पहिल्याच दिवशी तासभर कौतुक सांगितलं होतं.

"ही नाही. ही तिची नाही हो!" असं म्हणून छत्री हसायला लागली आणि हसता हसता हुंदके द्यायला लागली. हवालदार गोंधळून पाण्याचा ग्लास शोधू लागला.

भाचा भिंतीला टेकून उभा होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती ओली शाल पाहून त्याचा शब्द गळून पडला.

"कानातल्या यंत्राचे सेल होते ते," तो म्हणाला. "बटणमावशीला डाव्या कानाने काहीच ऐकू येत नाही आता. उजव्यानेही जवळचं तेवढंच. यंत्र केसांखाली लपवते. पहिल्याच दिवशी टॅक्सीत माझ्या लक्षात आलं. मला म्हणाली, छत्रीला सांगितलंस तर बघ, ती मला लगेच म्हातारी करून टाकेल. सेल संपत आले होते, आणून दे म्हणाली. एवढंच, मावशी. देवाशप्पथ एवढंच."

हवालदाराने दिलेला ग्लास छत्रीने टेबलावर ठेवला. आता एकेक गोष्ट तिला आठवायला लागली. बटण रस्त्याने चालताना सतत तिच्या डावीकडे यायची, म्हणजे उजवा कान छत्रीकडे राहील. मागून हाक मारली की वळायची नाही आणि छत्री म्हणायची, काय गं, गावाकडून शिष्टपणा घेऊन आलीस? टीव्हीचा आवाज मोठा. स्वयंपाकघरातून काही विचारलं की उत्तर नाही. लोकांच्या चष्म्यांच्या काचा घासण्यात आयुष्य गेलं आणि जिवाभावाच्या मैत्रिणीचा कान गेलाय हे हिला दिसलं नाही.

"बसमध्ये मी तिच्या डावीकडे होते," ती हळूच म्हणाली.

"हो. पण म्हणूनच तिने उत्तर दिलं नसेल," काका म्हणाले. "तुमचा प्रश्न तिच्या कानावर पडलाच नसेल."

"आणि दुपारी मात्र मी समोर उभी राहून..." छत्रीने तोंडावर हात दाबला. म्हणजे ये म्हटलेलं पोचलं नाही आणि जा म्हटलेलं तेवढं पोचलं. बटणला कळलंही नसेल आपण काय गुन्हा केला. या विचाराने छत्रीला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं की ती शाल बटणची निघती तर आपणही त्याच पुलावर गेलो असतो, असं तिच्या मनात येऊन गेलं.

काका मात्र खिडकीबाहेर पाहत होते. एकदम ते वळले.

"पण बाई, जिला तुमची मागून मारलेली हाक ऐकू येत नाही, तिला संग्रहालय बंद होण्याची घंटा ऐकू येईल का?"

५

संग्रहालयाचं फाटक बंद होतं. पुढचे दोन दिवस ते उघडणार नव्हतं. मुख्य इमारत आत बागेपलीकडे, जाड दगडी भिंतींची, खिडक्या उंचावर. तिथून कुणी गळा फाडून ओरडलं तरी फाटकापाशी आवाज आला नसता. शिवाय चौकीत रेडिओ चालू होता.

"पुन्हा तुम्ही?" पहारेकरी छत्रीला पाहून उठला. तो आडदांड होता, पण सुट्टीच्या गर्दीने पार पिचला होता. "बाई, काल सांगितलं ना, आत कुणी नाही. मी घंटा दिली, दालनांच्या दारांतून हाका मारल्या. वर बिल्ल्यांचा हिशोब जुळला. दिले तेवढे आले."

"पण बिल्ले परत कसे घेता?" काकांनी विचारलं.

"माझ्या हाताने काढून. लोकांवर सोडलं तर आठवण म्हणून घरी नेतात. निघणाऱ्याच्या अंगावरचा काढायचा की तारेत ओवायचा. मी काढल्याशिवाय कुणी बाहेर पडत नाही."

"आणि ती तार?"

पहारेकऱ्याने टेबलाकडे बोट दाखवलं. लाकडी ठोकळ्यात रोवलेली एक उभी तार, तिच्यात पत्र्याचे बिल्ले एकावर एक बसलेले. "कालचीच आहे. नंबरवार लावायचं काम उघडायच्या दिवशी सकाळी. तोवर जसे आले तसे."

काकांचे डोळे चमकले. "म्हणजे जो आधी बाहेर गेला त्याचा खाली, नंतर गेला त्याचा वर."

"अर्थात."

"चौसष्ट शोधा."

पहारेकरी कुरकुरत बिल्ले एकेक करून वर सरकवू लागला. छत्री श्वास रोखून पाहत होती. चौसष्ट सापडला. त्याच्या लगेच खाली पासष्ट होता.

"हे घ्या!" पहारेकरी विजयाने म्हणाला. "तुमची मैत्रीण तुमच्या आधी गेली. पासष्ट खाली आहे. झालं समाधान?"

"पण," काका म्हणाले, आणि छत्रीला जन्मात पहिल्यांदा त्या शब्दाने बरं वाटलं, "या बाई तिला आतल्या दालनात बाकावर बसलेली सोडून निघाल्या. कुठे थांबल्या नाहीत. दारापर्यंत यायची वाट एकच. मग बसलेल्या बाईने यांना कुठे गाठलं आणि कुठे मागे टाकलं?"

पहारेकरी पुन्हा तारेवर वाकला.

"बिल्ला जरा काढून द्या." काकांनी पासष्टचा चिमटा उघडून उजेडात धरला. दातांत तपकिरी लोकरीचा एक बारीकसा धागा अडकला होता. "शालीला लावून पाहिला. धागा ओढला गेला. हातमागाच्या शालीचा धागा ओढला गेल्यावर शिवणकाम करणारी बाई तो बिल्ला तिथे राहू देईल का? मुळीच नाही. ती तो दुसरीकडे कुठेतरी लावेल. जिथे तिचं सगळंच असतं तिथे."

छत्रीने खांद्यावरची पिशवी ओढून पुढे घेतली. फोन, तिकीट, पाकीट, इन्सुलिन. बटणचं सगळं इथेच तर असायचं. पिशवीच्या पट्ट्यावर, पाठीकडच्या बाजूला, चिमट्याच्या दातांचे दोन बारीक व्रण होते.

"माझ्या पिशवीवर," ती कशीबशी म्हणाली. "मी पुढे चालत होते, तिने मागून माझ्या पिशवीलाच लावला. आणि बाहेर पडताना तुम्ही पिशवीला हात घातलात ते तपासायला नाही. तुम्ही तिचा बिल्ला काढलात. आधी पिशवीवरचा, मग माझ्या गळ्यापासचा."

पहारेकरी स्वतःच्या हाताकडे पाहत राहिला. "तुम्ही हिसका दिलात," तो पुटपुटला. "मागे ही रांग लागलेली. जो दिसला तो बिल्ला काढला, ओवला... एकीच्या अंगावर दोन कसे, हे मनातसुद्धा आलं नाही हो."

"मी तिला बाहेर नेऊन सोडलं," छत्री म्हणाली. "मीच. आणि ती आतच आहे."

पहारेकऱ्याने किल्ल्यांचा जुडगा उचलला.

६

आत कोंदट अंधार होता. पहारेकरी दिवे लावत पुढे धावत होता. भाचा त्याच्याही पुढे होता. छत्री भिंतीला धरून मागून येत होती. दालनामागून दालन गेलं. काचेआडचे रिकामे पोशाख तिच्याकडे बघत होते. ती मोठ्याने हाका मारत होती आणि हाक मारून काय उपयोग हेही तिला कळत होतं.

आत शिरतानाच तिने पाहिलं होतं, मुख्य दाराच्या आतल्या बाजूला फळीवर ओरखडे होते. खाली एक चप्पल पडली होती, टाच फाटलेली. बटणने चपलेने दार बडवलं होतं. किती वेळ, कुणास ठाऊक.

मागाच्या दालनात भाच्याचा आवाज फुटला. "मावशी! इकडे!"

बटण मागाच्या मागे, भिंतीच्या कोपऱ्यात शालीत गुरफटून पडली होती. समोरून येणाऱ्याला ती दिसणंच शक्य नव्हतं. ओठ सुकून फुटले होते, श्वास खोल आणि जड चालला होता. छत्रीने तिला कवेत घेतलं. अंग गरम लागलं. जिवंत होती.

"बटण, ए बटण, मी आलेय. बघ माझ्याकडे."

डोळे उघडले. ते कुठेतरी लांबून छत्रीपर्यंत आले. बटणने तिच्या ओठांकडे पाहिलं, चेहऱ्याकडे पाहिलं, आणि कोरड पडलेल्या घशातून मोठ्या कष्टाने विचारलं,

"गाडी चुकली का गं माझी?"

छत्रीने तिचं डोकं आपल्या गळ्याशी घट्ट दाबून धरलं आणि रुग्णवाहिका येईपर्यंत सोडलं नाही.

७

हॉस्पिटलातली पहिली रात्र वाईट गेली. रक्तातली साखर डॉक्टरांना दाद देईना. बटणचा मुलगा आला, छत्रीशी एक शब्द न बोलता आईच्या पायाशी बसला. छत्री बाहेर बाकावर बसून राहिली. तिला घरी जा असं कुणी म्हणालं नाही आणि थांब असंही कुणी म्हणालं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी धोका टळला. मुलगा बाहेर आला, त्याचे डोळे सुजले होते.

"बोलावतेय तुम्हाला," तो म्हणाला. आणि मग जरा थांबून, "मावशी, तुम्ही काही खाल्लंय का?"

बटण उशांना टेकून बसली होती. कानातलं यंत्र आता उघड दिसत होतं, केस मागे बांधल्यामुळे. छत्री तिच्या उजव्या बाजूला खुर्ची ओढून बसली.

"आता मला सगळं माहीत आहे," ती म्हणाली. "काकांनी उलगडून सांगितलं. तुला घंटा ऐकू आली नाही."

"यंत्र काढून खिशात टाकलं होतं. तुझं बोलणं ऐकल्यावर दुसरं काही ऐकायचंच नव्हतं मला. मागाच्या मागे जाऊन रडत बसले, डोळा कधी लागला कळलं नाही. जाग आली तर काळोख."

छत्रीने तिचा हात धरला. "चूक माझी. बसमध्ये मी तुझ्या डावीकडे बसून विचारलं. तुला ते ऐकूच आलं नाही आणि मी मूर्खासारखी राग धरून बसले. आता पुन्हा विचारते..."

"आलं होतं," बटण म्हणाली.

छत्री थबकली.

"सेल सकाळीच नवे घातले होते गं. शब्द न् शब्द ऐकू आला मला."

खाटेशेजारच्या हॉस्पिटलच्या यंत्राची बारीक टिकटिक चालू होती. एवढ्या हुशार पण-काकांना हे सुचलं नव्हतं, आणि छत्रीने तर कालची सबंध रात्र, तिला ऐकूच आलं नसेल, या एका आधारावर काढली होती. तिचा हात सुटत होता, पण बटणने तो सोडू दिला नाही.

"आधी वाटलं, बहिरी होत चाललेल्या बाईला घरात घेऊन ही काय करील? तू रागावलीस की भिंतीकडे तोंड करून बोलतेस. मला ओठ दिसणार नाहीत. पण तेही खरं कारण नव्हे. त्या काळोखात बसून मी स्वतःला विचारलं, तेव्हा कळलं. मला यायचं नाहीये. तुझं हे शहर छान आहे, चार दिवसांसाठी. पण माझं मशीन खिडकीशी आहे, समोरून येणारे-जाणारे मला विचारतात, मी त्यांच्या पोरींच्या लग्नाचे कपडे शिवलेत. ते सोडून मी तुझ्याकडे येऊन काय करू, तू दिवसभर दुकानात असताना? हे तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून इमारती बघत बसले."

"म्हणजे नाही," छत्री म्हणाली.

"नाही." बटणने तिच्या ओठांवरची नजर हलवली नाही. "पण तू का येत नाहीस?"

"मी?"

"तू. सगळं आवर आणि माझ्याकडे ये. चष्मे आमच्या गावातही फुटतात."

छत्रीने खिडकीकडे मान वळवली. समोर इमारतींच्या रांगा उन्हात उभ्या होत्या. त्यांतल्या कुठल्यातरी एका गल्लीत तिच्या दोन खोल्या होत्या, तिच्या हाताला बसलेलं घासण्याचं चाक होतं, रोजची बस होती. म्हातारपण एकत्र काढू, असं म्हणताना एकदाही तिच्या मनात आलं नव्हतं की उठून जायची पाळी आपल्यावरही येऊ शकते. तिला हो म्हणायचं होतं. जीभ उचलेना. तिला रडू आलं, आणि त्यात आनंद किती आणि भीती किती, हे तिला सांगता आलं नसतं.

ती बराच वेळ तशीच इमारती बघत बसली. बटणने तिला घाई केली नाही.